मोकळी केलेली जागा

बर्फ फोडत बेटाकडे जाणारी फेरीबोट
दर आठ-दहा दिवसांनी आंधळी होते.
पाण्याची खोली सांगणारा संगणक मधेच कोसळतो,
कप्तान शिव्या घालतो, पुन्हा चालू करतो,
आणि मला, इकडे औलूत, चौथ्या मजल्यावर,
एक पानभर मृत्यूची नोंद येऊन पडते.

नोंदीच्या शेवटी तेच:
सहा-बी सहा-बी सहा-बी सहा-बी.
तपासणीच्या दिवसांत कर्नेलची ही रीत:
कुणी जागा सोडली की तिथे विष पेरून ठेवायचं,
म्हणजे परतून कुणी वाचायला गेलाच
तर तोंड कडू होऊन ओरडेल.

कुणीतरी परतून जातंय.
नोंदीत ठेचाळलेला दिसतो,
दगड कुणी ठेवला ते नाही.

गणती तपासली. उधारीच्या वहीसारखी,
घेतलं की एक वाढला, दिलं की एक घटला,
शून्य झालं की जागा मोकळी.
दोन आठवडे बोट ठेवून वाचली, कुठे चुकत नव्हती.
काय घडतंय पाहू म्हणून मधे छापायची एक ओळ घातली
तर बग हाताची घडी, तोंडावर बोट.
ओळ काढली.
चौथ्या दिवशी बोट पुन्हा आंधळी.

शेवटी इंजिनवाल्या युंट्टिलाला फोन लावला.
तू त्या वेळी काय करत होतास?
काही नाही.
काहीच नाही, वेइक्को?
बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.
मग म्हणाला, खोलीमापकाची वायर काढून
फोन लावतो चार्जिंगला. पाच मिनिटं.
दुसरं भोक गरम होतं.

वायर निघते, म्हणजे आम्ही सगळं आवरतो.
आवरल्यावर येतंय कोण?

घरी आले तर दाराच्या फटीतून पत्र पडलेलं.
श्री. आल्वार कोंटियो यांस,
मंगळवारी आठ चाळीसला आपली दातांची वेळ ठरलेली आहे.
कोंटियो मार्चमध्ये गेला.
त्याचे गळ, त्याची खुर्ची, कुणीतरी येऊन नेलं,
दारावरच्या पट्टीत आता हिएताला, म्हणजे मी.
पत्ता मात्र बिनचूक.

बूट न काढता तशीच उभी राहिले,
पायाखाली बर्फाचं पाणी होत गेलं.
माणूस गेला, घर मोडलं,
वेळ तेवढी मोडायची राहिली.

टायमर!
दर दोनशे मिलिसेकंदांनी खोली विचारायला जाणारा.
आवरताना आम्ही त्याला 'नको जाऊस' म्हणतो खरं,
पण दुसऱ्या कोअरवर तो आधीच निघालेला असतो,
एक पाय उंबऱ्याच्या आत.
छापायला लागणाऱ्या त्या एवढ्याशा उशिरात
तो काम उरकून परतायचा, म्हणून सापडायचा नाही.
आणि विष सापडलं हे नशीबच.
कधी कधी जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली असते.
तेव्हा कोसळत काहीच नाही,
तो नव्या बिऱ्हाडाच्या ताटात
'सव्वासहा मीटर' वाढून निघून जातो.

दुरुस्ती एका शब्दाची झाली:
नुसतं थांबव नव्हे,
थांबेपर्यंत उभा राहा, मग घर मोड.
खाली 'कळवणारा' म्हणून वेइक्को युंट्टिला लिहिलं.
त्याला ते नको होतं. विचारत होता,
आता वायर काढली तर चालेल ना?

सकाळी दवाखान्यात फोन केला.
आपण कोण बोलताय?
मी त्या पत्त्यावर राहते. आता.
नातेवाईक?
नाही.
मग तुम्हाला वेळ रद्द करता येणार नाही, बाई म्हणाली,
आणि न कळवता कुणी आलं नाही तर दंड लागतो.
आवाज चांगला होता तिचा, झोप झालेली असावी.

दंडाचं पत्रही इथेच येईल.